नित्यनेम आणि कृपा

मीमांसकांनी कर्मांचे तीन भाग पाडले: नित्य, नैमित्तिक आणि काम्य. रोज करायचे ते नित्य, प्रसंग आला की करायचे ते नैमित्तिक, आणि मनात काही मागणे धरून करायचे ते काम्य. ही विभागणी ख्रिस्ती शास्त्रातली नाही. तरी मराठी ख्रिस्ती घरातले धर्माचरण तिच्या उजेडात पाहिले, तर पुष्कळ काही स्पष्ट होते. नाताळच्या उपासनेला, उत्तम शुक्रवारी आणि ईस्टरच्या पहाटे नागपूरच्या चर्चमध्ये माणसे दाटीवाटीने बसतात. हे नैमित्तिक झाले, आणि ते आपण मनापासून करतो. मुलीची बारावी, आईचे ऑपरेशन, रेल्वेतली बदली, लांबलेले लग्न, यांसाठी पाळकांना घरी बोलावून प्रार्थना होते, नातेवाइकांना फोन जातात, हे काम्य. त्यातही खोटे काही नाही, मागा असे प्रभूनेच सांगितले आहे. प्रश्न तिसऱ्याचा आहे. ज्या दिवशी सण नाही, संकट नाही, मागण्यासारखे विशेष काही नाही, अशा एखाद्या मंगळवारी सकाळी मेकोसाबागेतल्या किंवा सदरमधल्या ख्रिस्ती घरात ख्रिस्ती म्हणून काय घडते? पुष्कळ घरांत काहीच घडत नाही. माझे म्हणणे असे की विश्वास नित्य झाला नाही तर तो विश्वास म्हणून टिकत नाही, आडनावासारखा मागे उरतो. आणि तो नित्य करण्याला आपल्यात जो विरोध होतो, तो आळसाच्या नावाने कधीच होत नाही, भक्तीच्या नावाने होतो. म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे.

हा वाद नागपूरच्या ख्रिस्ती जीवनाच्या पायातच आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा मंडळ्या एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा जन्म झाला. त्या सहांत अँग्लिकन होते, ज्यांच्या प्रार्थनापुस्तकात सकाळची आणि संध्याकाळची उपासना दर दिवसासाठी छापलेली असे. त्यांच्याच शेजारी बॅप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स होते, ज्यांच्या वाडवडिलांनी युरोपात आणि अमेरिकेत छापील प्रार्थनेविरुद्ध आयुष्य वेचले होते. प्रार्थना पवित्र आत्म्याने त्या क्षणी सुचवावी, पुस्तकाने नव्हे, अशी त्यांची श्रद्धा. प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरेचे लोक या दोघांच्या मध्ये कुठेतरी. बिशप असावेत की नसावेत, बाप्तिस्मा बालपणी द्यावा की कळत्या वयात, यांवर वर्षानुवर्षे बोलणी झाली आणि तोडगे निघाले. पण घरी, एकट्याने, रोज काय करायचे, हा प्रश्न कोणत्याही घटनेत बसत नाही. तो ज्याच्या त्याच्या अंतःकरणावर राहिला. परिणाम असा झाला, असे मला वाटते, की ठरलेल्या प्रार्थनेची सवय असलेल्यांनी ती हळूहळू सोडली, आणि उत्स्फूर्त प्रार्थनेवर विश्वास असलेल्यांची उत्स्फूर्तता रविवारपुरती उरली. दोन्ही परंपरांतले सोपे तेवढे आपण घेतले.

याचे कारण आणखी मागे जाऊन पाहावे लागते. मराठी प्रोटेस्टंट ख्रिस्ती धर्म वादातून जन्माला आला. काशीच्या चित्पावन घराण्यातले नीळकंठशास्त्री गोरे ख्रिस्ती मताचे खंडन करायला बसले, जॉन म्यूरच्या ‘मतपरीक्षे’ला संस्कृतात उत्तर लिहिले, आणि १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेऊन नहेम्या गोरे झाले. बाबा पदमनजी वाचून, विचारून, खंडन-मंडन करून १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले आणि पुढे ‘अरुणोदया’त तो सारा प्रवास त्यांनी लिहून ठेवला. नागपुरात स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये आले आणि लवकरच त्यांनी शाळा काढली. त्यांच्या फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडची सारी भिस्त शिकण्यावर आणि पटण्यावर होती. या पिढीचे धैर्य आठवले की मन भरून येते. घर, जात, वारसा, कधीकधी पत्नी आणि मुले, सगळे पणाला लावून ती माणसे उभी राहिली. पण या मार्गाने एक गोष्ट ठरून गेली: ख्रिस्ती होणे म्हणजे एका निर्णायक क्षणी पटणे. पटल्यावर पुढच्या दहा हजार सकाळी काय करायचे, ते मात्र गौण ठरले. ज्यांना पटवून घ्यावे लागले, त्यांच्यापुढे हा प्रश्न फारसा आला नसेल, कारण दिलेली किंमत त्यांना रोज आठवत होती. त्यांच्या पणतवंडांना कसलीच किंमत द्यावी लागली नाही, आणि त्यांच्या हाती पटणेही नाही, नेमही नाही.

धर्म माणसाच्या अंगात कुठे राहतो, याचा मराठीतला सर्वांत प्रामाणिक पुरावा लक्ष्मीबाई टिळकांनी दिला आहे. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना दिसते की पती ख्रिस्ती झाल्याचा आघात त्यांनी सोसला, विरह सोसला, पुढे त्यांच्याबरोबर राहायलाही त्या आल्या, पण स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. मताने त्या बऱ्याच आधी सैल झाल्या होत्या. सोवळे शेवटी सुटले, आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे जुना धर्म सर्वांत शेवटपर्यंत कुठे टिकून होता? पाण्याच्या घागरीपाशी आणि चुलीपाशी, रोजच्या हातांच्या सवयीत. जो धर्म तिथे पोचतो तो सहजासहजी जात नाही. मग नव्या धर्माने त्या रिकाम्या झालेल्या जागी काय ठेवले, हे विचारणे भाग आहे. स्नानसंध्या गेली, तुळशीपुढचा दिवा गेला, एकादशी गेली. त्यांच्या जागी रविवार आला, तोही सात दिवसांतून एकदा.

ही उणीव ओळखणारी माणसे आपल्याकडे होऊन गेली, आणि पहिली ओळख तर चारशे वर्षांपूर्वीची आहे. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले, ते १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली, त्यांच्या जागी वाचायला-ऐकायला काहीतरी हवे, ही मागणी त्या ग्रंथाच्या आरंभीच आली आहे. मागणारा विश्वासाबद्दल शंका काढत नाही. त्याला मोकळ्या वेळी तोंडात घोळवायला शब्द हवे आहेत. स्टीफन्सनी त्याची गरज समजून घेतली आणि ओवी निवडली, कारण ओवी दळताना, चालताना, चार माणसे जमली असताना म्हणता येते. तीनशे वर्षांनी लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक यांनी तेच केले. त्यांची भजने आणि अभंग आज मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीता’त आहेत आणि दर रविवारी गायिले जातात. पण अभंग हा प्रकार रविवारचा नाही. वारकऱ्याच्या तोंडी तो रोजच्या हरिपाठातून आला, झोपेतून उठल्यावर आणि झोपण्याआधी. टिळकांनी आपल्याला रोजचे भांडे दिले आणि आपण ते सणावाराच्या कपाटात ठेवले.

टिळकांच्या आयुष्यातली जी गोष्ट मला या विषयात निर्णायक वाटते, तिची सुरुवात नागपुरातून होते. १८९३ मध्ये ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने चालले होते. डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटले, बोलणे झाले, त्यांनी नव्या कराराची प्रत दिली आणि ती वाचण्याचे वचन घेतले. टिळकांना त्या पुस्तकाची ओढ नव्हती. दिलेला शब्द पाळायचा म्हणून ते वाचू लागले, पानामागून पान, हातात पेन्सिल घेऊन. डोंगरावरील प्रवचनापाशी येईपर्यंत वाचन हे कर्तव्य होते. तिथे पोचल्यावर ते सुटेना. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. या गोष्टीकडे बहुतेक वेळा परिवर्तनाची कथा म्हणून पाहिले जाते. मला तिच्यातली मधली, कोरडी पाने महत्त्वाची वाटतात. ओढ वाटेल तेव्हा वाचू, असे त्यांनी ठरवले असते, तर ते त्या अध्यायापर्यंत पोचलेच नसते. भावना आधी आणि कृती नंतर, हा क्रम आपण अटळ समजतो. टिळकांच्या बाबतीत तो उलटा लागला, आणि मराठी ख्रिस्ती काव्याचा सारा वैभवकाळ त्या उलट्या क्रमातून निघाला.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक माणसांचाच असतो. मन लागत नसताना हात जोडणे म्हणजे ढोंग नव्हे काय? देव अंतःकरण पाहतो. मग कोरड्या ओठांनी केलेली प्रार्थना त्याला काय पोचणार? या आक्षेपात एक गृहीत दडलेले आहे: आपले आत्ताचे वाटणे म्हणजेच आपले अंतःकरण. हे गृहीत आपण दुसऱ्या कोणत्याही नात्यात मानत नाही. ताप आलेल्या मुलाच्या उशाशी रात्री तीन वाजता बसलेल्या आईला त्या क्षणी प्रेमाचा उमाळा नसतो, तिला झोप येत असते. म्हणून तिचे जागणे ढोंग ठरत नाही. उलट प्रेम म्हणजे काय ते तिथेच दिसते. ढोंगाची प्रभूने केलेली व्याख्या वेगळी आहे. माणसांनी पाहावे म्हणून चव्हाट्यावर उभे राहून प्रार्थना करणारा ढोंगी. दार लावून, कोणी पाहत नसताना, मन रमत नसतानाही बसलेला माणूस त्या व्याख्येत बसू शकत नाही. नहेम्या गोरे यांना तर बाप्तिस्म्यानंतर आयुष्यभर शंकांनी छळले. इतका कुशाग्र तार्किक, दुसऱ्यांच्या शंका फेडणारा, स्वतः मात्र अस्वस्थ. उत्तरायुष्यात ते काउली फादर्स या अँग्लिकन संन्याशांच्या सहवासात आले, जिथे दिवसाच्या प्रार्थना घड्याळाने ठरलेल्या होत्या. शंका संपल्या नाहीत, पण शंका आल्या म्हणून प्रार्थना थांबली नाही. जॉन वेस्लीलाही १७३८ मध्ये असाच पेच पडला: मला स्वतःलाच विश्वास नाही, तर उपदेश कसा करू? पीटर बोहलर या मोरावियन मित्राने त्याला सल्ला दिला की विश्वास येईपर्यंत विश्वासाचाच उपदेश करत राहा, आणि आल्यावर तो आला म्हणून कर. त्याच वेस्लीला आणि त्याच्या सोबत्यांना ऑक्सफर्डमध्ये त्यांच्या नेमस्त दिनक्रमावरून मेथडिस्ट असे हिणवले गेले होते. मेकोसाबागेतल्या मंडळीच्या नावात आज ते हिणवणेच अभिमानाने उभे आहे, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ पद्धतशीर, नेमाने चालणारा, असाच आहे.

दुसरा आक्षेप वचनाचा आधार घेतो. परराष्ट्रीयांसारखी व्यर्थ बडबड करू नका, असे येशूने बजावले. मग तेच ते रोज म्हणणे त्याच्या आज्ञेविरुद्ध नाही का? हा उतारा पुढे वाचला की उत्तर मिळते, कारण हा इशारा दिल्यानंतर लगेच त्याने शिष्यांना एक ठरलेली प्रार्थना शिकवली, आणि तिच्यात आजच्या भाकरीची मागणी घातली. जी प्रार्थना आजची भाकर मागते ती उद्या पुन्हा म्हणावीच लागते. दुसऱ्या शतकाच्या आसपासच्या ‘दिदाखे’ या ग्रंथात तीच प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणण्याची सूचना आहे. येशूचा निषेध पुनरुक्तीला नाही. शब्दांच्या ढिगाने देवाला वाकवता येते, या समजुतीला आहे. स्वतः येशू शब्बाथ दिवशी सभास्थानात जाई तो आपल्या रिवाजाप्रमाणे, असे लूक सांगतो, आणि पकडले जाण्याच्या रात्री तो जैतुनांच्या डोंगरावर गेला तोही रिवाजाप्रमाणे. या दुसऱ्या ठिकाणी मी नेहमी थांबतो. गेथशेमाने हा साऱ्या शुभवर्तमानातला सर्वांत उत्कट, सर्वांत असह्य प्रार्थनेचा प्रसंग. तिथे घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडला. आणि त्या जागी त्याला नेले ते रोजच्या वाटेने. यहूदाला जागा माहीत होती ती त्याच कारणाने. सवयीने उत्कटता मरते, असे म्हणणाऱ्याने ती रात्र आठवावी.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे, आणि तो आपल्या सुधारणावादी परंपरेच्या मर्माला लागतो. तारण कृपेने आहे, कर्माने नाही. मग नित्यनेम म्हणजे मागच्या दाराने आणलेले कर्मकांडच नव्हे का? रोजचे वाचन, रोजची प्रार्थना, चुकले की मनाला टोचणी. लूथरने ज्यातून सोडवले त्यातच परत जाणे? इथे मीमांसकांची एक बारीक गोष्ट कामी येते. काम्य कर्माला फळ आहे, नित्य कर्माला वेगळे फळ नाही, असे त्यांच्यातल्या पुष्कळांचे मत होते. संध्या केल्याने पुण्याचा साठा वाढत नाही. ती करायची असते. न करणाऱ्याला दोष लागतो, हे त्यांचे पुढचे म्हणणे ख्रिस्ती माणूस स्वीकारणार नाही, कारण त्याचा दोष वधस्तंभावर फिटला आहे. पण पहिला अर्धा भाग त्याच्या फार जवळचा आहे. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायातला मान्ना पाहा. तो मजुरी म्हणून मिळत नव्हता. कोणी नांगरले नाही, पेरले नाही. शुद्ध देणगी. तरी ती देणगी रोज सकाळी बाहेर जाऊन वेचावी लागे. जास्त वेचणाऱ्याला जास्त उरले नाही, उद्यासाठी ठेवले त्याला किडे पडले, आणि ऊन तापले की जमिनीवरचे वितळून जाई. मे महिन्यातल्या नागपूरकराला हे समजावून सांगावे लागत नाही. नऊच्या आत जे उरकले ते उरकले. वेचायला जाणे हे काही मान्न्याचे कारण नव्हते. पण जो गेला नाही त्याच्या पदरी मान्ना पडला नाही. पुण्यसंचय हा शब्द आपल्या भाषेत इतका रुजला आहे की नेम म्हटला की आपल्याला संचयच आठवतो. मान्न्याचा धडा संचयाच्या नेमका विरुद्ध आहे. रोजचे साठत नाही, म्हणूनच रोज जायचे. कृपेचा कैवारी कॅल्विन याने विश्वासाने मिळणाऱ्या नीतिमत्त्वावर शेकडो पाने लिहिली, आणि त्याच ग्रंथात झोपेतून उठल्यावर, कामाला लागण्यापूर्वी, जेवणाआधी, जेवणानंतर आणि निजण्याआधी प्रार्थनेच्या वेळा ठरवून घ्याव्यात असेही लिहिले. कारणही त्याने सांगितले: आपण दुर्बळ आहोत. वेळा पाळणे हे देवाला दिलेले देणे नव्हे, आपल्या दुबळेपणाला दिलेला आधार आहे.

सवयीचा आधुनिक अभ्यासही इथे विचारात घ्यायला हरकत नाही, मर्यादा ओळखून. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक साधी गोष्ट, एकाच प्रसंगाला जोडून, करायला सांगितले: न्याहरीनंतर पाणी पिणे, जेवणाआधी थोडे चालणे, असे काही. कृती आपोआप होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागले, पण माणसामाणसांत फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. एखादा दिवस चुकल्याने घडी मोडली नाही. या अभ्यासातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, निश्चयापेक्षा जोडणी महत्त्वाची. ‘रोज प्रार्थना करीन’ यापेक्षा ‘चहा उकळायला ठेवला की बायबल उघडीन’ हे टिकते. दोन, एका चुकलेल्या दिवसावरून आपण अपात्र आहोत असा निष्कर्ष काढण्याची गरज नाही. पण पाणी पिणे आणि प्रार्थना करणे यांत फरक आहे. पाणी यांत्रिकपणे प्यायले तरी तहान भागते. प्रार्थना यांत्रिक झाली तर ती प्रार्थना राहत नाही. म्हणून आपोआप काय व्हावे, हे नेमके ठरवले पाहिजे. बसणे आपोआप व्हावे. वेळ, जागा, उघडलेले पुस्तक, पहिला शब्द, यांवर रोज मनाशी वाटाघाट करावी लागू नये. तिथून पुढे सवयीचे काम संपते. सवय उंबरठ्यापर्यंत नेते, आत पाऊल रोज स्वतःच टाकावे लागते. ज्याची सारी शक्ती बसावे की न बसावे यातच खर्च होते, त्याच्याजवळ आत जायला काही उरत नाही.

आत्म्याच्या स्वातंत्र्याला नेम मारक आहे, असे म्हणणाऱ्यांनी केडगावकडे पाहावे. १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जे जागरण झाले, त्याचा उल्लेख आज जगभरच्या पेंटेकोस्टल इतिहासात होतो. रडणे, कबुली, अनोळखी भाषा, सारे काही. ते जूनच्या अखेरीस सुरू झाले. त्याआधी जानेवारीपासून रमाबाईंनी मुलींना आणि बायकांना रोज प्रार्थनेसाठी एकत्र बसवले होते. सुरुवातीला थोड्या, मग शेकडो, दिवसातून दोनदा. पाच-सहा महिने काही घडले नाही, आणि तरी त्या बसत राहिल्या. जर्मनीत दीट्रिख बॉनहॉफर यांनी १९३५ मध्ये फिंकेनवाल्डे येथे पाळकांच्या शिक्षणासाठी जो आश्रम चालवला, तिथे रोज सकाळी अर्धा तास एकाच उताऱ्यावर मौनाने बसायचा नेम होता. कार्ल बार्थसारख्या मित्राला त्यात मठाचा वास आला, आणि त्याने तसे कळवलेही. बार्थची भीती पोकळ नव्हती. मठ कसे सुकतात हे युरोपने पाहिले होते. पण हिटलरच्या राजवटीत बाहेरचा सारा आधार गेल्यावर, १९४३ पासून टेगेलच्या तुरुंगात, बॉनहॉफरजवळ उरले ते रोजचे स्तोत्र. जे स्वातंत्र्यात अवजड वाटले ते कोठडीत पुरले.

आता एक आक्षेप असा, ज्याचे पुरते उत्तर माझ्याजवळ नाही, आणि तो संदेष्ट्यांचा आहे. आमोसने देवाच्या वतीने सांगितले की तुमचे सण मला नकोत, तुमची गाणी बंद करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. रोज बायबल वाचणारी, रोज गुडघे टेकणारी कुटुंबे लग्न जमवताना आडनावामागची जात विचारतात. घरकाम करणाऱ्या बाईला वेगळा कप देतात. नेम असूनही हे चालते, मग त्या नेमाचा उपयोग काय? उपयोग नाही, असे म्हणणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. तसा नेम देवालाही नको आहे. मात्र एक गोष्ट लक्षात आणून द्यावीशी वाटते. आपल्या घरांतले रोजचे वाचन बहुधा निवडलेले असते. कॅलेंडरवरचे वचन, सकाळी मोबाइलवर आलेले आणि पुढे पाठवलेले वचन. ती वचने आश्वासनांची असतात: मी तुझ्याबरोबर आहे, भिऊ नको. आमोस कॅलेंडरवर येत नाही. याकोबाचे पत्र, सोन्याची अंगठी घातलेल्याला पुढे बसवणाऱ्या मंडळीला झापणारे, मोबाइलवर क्वचितच येते. आपण देवाच्या बोलण्यातले आपल्याला आवडणारे तेवढे ऐकतो. १५४९ मध्ये क्रॅन्मरने इंग्रजी प्रार्थनापुस्तक केले तेव्हा त्याने मठातल्या सात प्रहरांच्या उपासना सकाळ-संध्याकाळ अशा दोनवर आणल्या, आणि १५० स्तोत्रे साठ भागांत वाटून महिन्याला एक पारायण होईल अशी योजना केली. त्याची एक तक्रार अशी होती की पूर्वी थोडीच स्तोत्रे पुन्हा पुन्हा म्हटली जात, बाकीची राहून जात. क्रमाने वाचणाऱ्याला पुढे काय येणार हे निवडता येत नाही. आनंदाच्या दिवशी विलाप येतो, स्वतःवर खूश असलेल्या दिवशी आमोस येतो. न्याय त्यामुळे होईलच असे नाही, पण न्यायाचा आवाज बंद करण्याची सोय तरी आपल्या हाती राहत नाही.

शेवटी कोणी विचारेल, हे सारे वारकऱ्यांचे, हिंदूंचे अनुकरण नाही का? नागपुरात राहणाऱ्याला हा प्रश्न शोभत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखोंना धम्माची दीक्षा दिली, तेव्हा त्यांनी नुसते मतांतर पुरेसे मानले नाही. बावीस प्रतिज्ञा दिल्या, आणि त्यांतल्या कितीतरी प्रतिज्ञा काय करीन आणि काय करणार नाही याबद्दलच्या आहेत. नव्या धर्माला रोजचे आचरण दिले नाही तर जुने परत येते, हे त्यांना पक्के माहीत होते. इंदोऱ्यातल्या अनेक घरांत आज त्रिशरण-पंचशील सकाळी ऐकू येते. मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी वऱ्हाडात गावोगाव सामुदायिक प्रार्थनेची ठरलेली वेळ रुजवली, सगळ्या जातींनी एका ओळीत बसायची. प्रार्थनेचा नेम ही कोणा एका धर्माची मिरास नाही. दानीएल बाबेलात परक्या राजाच्या राज्यात यरुशलेमेकडच्या खिडक्या उघडून दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे, आणि बंदी आल्यावरही त्याने तेच केले, पूर्वी करत असे तसेच.

राहता राहिली वेळेची अडचण, आणि ती खरी आहे. हिंगण्याच्या कारखान्यात पाळीवर जाणारा, मिहानमध्ये अमेरिकेच्या घड्याळाने काम करणारा, रात्रपाळी संपवून सकाळी आठला घरी येणारी नर्स, यांना पहाटेचा शांत समय सांगणे निर्दयपणाचे आहे. पण पहाट ही आज्ञा कुठेच नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात दिवस संध्याकाळपासून मोजला आहे, आधी संध्याकाळ आणि मग सकाळ. नर्सचा दिवस निजण्यापूर्वी सुरू होऊ शकतो: हातपाय धुऊन झाले की एक स्तोत्र, जे क्रमाने आले असेल ते, मोठ्याने, मराठीत, दोन मिनिटे गप्प, ज्यांची सेवा केली त्यांची नावे, प्रभूची प्रार्थना. दहा मिनिटांचा हिशोब. कुटुंबात कोणी जागे असेल तर त्याच्यासह, नसेल तर एकटीने. मंगळवारी चुकले तर बुधवारी बुधवारचेच स्तोत्र वाचावे, मंगळवारचे थकले म्हणून दोन वाचू नयेत.